शिक्षकाने शिकायचे केव्हा?

शिक्षकाने आयुष्यभर विद्यार्थी असावे, हे वाक्य शिक्षकदिनाच्या बहुतेक भाषणांत ऐकू येते. त्याने विद्यार्थी केव्हा व्हावे आणि कोणाच्या खर्चाने, याचा उल्लेख मात्र त्या भाषणांत सहसा नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात दिले. प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा या धोरणात व्यक्त झाली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे शिक्षकाचा आठवडा पूर्वतयारीसह ४५ तासांचा आहे. म्हणजे वर्षाकाठी एका आठवड्याहून थोडा अधिक वेळ शिकण्यासाठी, असा हा हिशेब झाला. कागदावर तो जड नाही.

प्रत्यक्षात हा हिशेब कोठे बिघडतो, हे पाहण्यासाठी द्विशिक्षकी शाळेत डोकावावे लागते. महाराष्ट्राच्या डोंगरी आणि आदिवासी भागांत अशा शाळा मोठ्या संख्येने आहेत. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यांतील एक प्रशिक्षणाला गेला की उरलेल्याकडे चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि दुपारपर्यंत तालुक्याला पाठवायची माहिती असे सगळे एकवटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सूट दिली आहे. अपवाद केवळ दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण एवढेच. परंतु या तीन शब्दांच्या पोटात बरेच काही मावते, आणि मतदारयाद्यांचे काम करणाऱ्या शिक्षकाला ते नव्याने सांगण्याची गरज नाही.

पैशाची गोष्टही वेगळी नाही. सर्व शिक्षा अभियानाच्या मूळ निकषांत सेवेतील प्रत्येक शिक्षकासाठी वर्षातून २० दिवसांपर्यंत प्रशिक्षणाची तरतूद होती आणि त्यासाठी खर्चाची मर्यादा दर शिक्षकामागे दररोज ७० रुपये होती. चहा, भोजन, साहित्य आणि तज्ज्ञांचे मानधन हे सर्व त्यातच. वर्गात वापरायचे शैक्षणिक साहित्य तयार करण्यासाठी शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळत. ही रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या हाती थेट पडे आणि तिचे काय करायचे हे ठरविण्याची मुभा त्याला होती. कार्डशीट, रंगीत कागद, मणी, दोरा, फार तर एक पंचिंग मशीन. आज अनेक शाळांत टिकून असलेल्या मणिमाळा त्याच पाचशे रुपयांतून आलेल्या आहेत.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची आजची घडी समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९८७ पासून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच 'डाएट', उभ्या राहू लागल्या. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमतांचा विचार आला आणि महाराष्ट्रात 'स्मार्ट पीटी' या नावाने प्राथमिक शिक्षकांचे राज्यव्यापी प्रशिक्षण झाले. त्या काळातील शिक्षक अजूनही त्या नावाची आठवण काढतात. पुढे सर्व शिक्षा अभियान आले आणि २०१८ मध्ये ते समग्र शिक्षेत विलीन झाले.

नावे बदलली तरी पद्धत एकच राहिली. राज्यस्तरावर काही निवडक तज्ज्ञ तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याचे सुलभक घडवायचे, त्यांनी तालुक्याचे आणि तालुक्याच्या सुलभकांनी अखेर शिक्षकांना शिकवायचे. लाखो शिक्षकांपर्यंत थोड्या दिवसांत पोहोचण्याचा याहून स्वस्त मार्ग प्रशासनाला दिसला नाही. पण पुण्यात पाच दिवस झालेली चर्चा तालुक्याच्या सभागृहात येईपर्यंत तीन दिवसांची होते. तिच्यातील प्रश्न गळून पडतात आणि उत्तरे तेवढी उरतात. शिवाय विषय आधीच ठरलेला असतो. ज्या शिक्षिकेच्या वर्गात दहा मुले पावरी बोलतात, तिला आणि शहरातील महापालिकेच्या शाळेतील शिक्षकाला त्याच पुस्तिकेतील तेच पान एकाच आठवड्यात वाचून दाखविले जाते. निवासी प्रशिक्षणांत आणखी एक अडचण असते व तिची चर्चा फारशी होत नाही. लहान मूल घरी असलेल्या शिक्षिकेला पाच रात्री बाहेर काढणे किती कठीण जाते, याची नोंद उपस्थितीपटावर होत नाही.

या उतरंडीला पर्याय म्हणून पडदा आला. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे संकेतस्थळ व ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' हा राष्ट्रव्यापी प्रशिक्षण कार्यक्रम प्रत्यक्ष वर्गांच्या स्वरूपात आरंभला गेला आणि करोनाच्या साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून तो अठरा घटकसंचांच्या रूपाने 'दीक्षा'वर आला. या बदलाचे श्रेय नाकारता येणार नाही. प्रवासखर्च वाचला, वर्ग उघडे राहिले, सुलभकांची साखळी मधून निघाली आणि मूळ मजकूर जसाच्या तसा गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला. ज्या शिक्षिकेला पाच रात्री बाहेर राहणे शक्य नव्हते, ती रात्री दहानंतर स्वयंपाकघर आवरून चित्रफीत पाहू लागली.

तथापि, पडद्यावरचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची खूण म्हणजे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मोजणे सोपे असते. चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम करता येते. शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात. यात शिक्षकाला दोष देणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. शिकण्याचा वेळ नोकरीच्या तासांत न देता घरच्या तासांतून घेतला, तर मनुष्य तो वाचविण्याचा प्रयत्न करणारच. वरिष्ठ वेतनश्रेणी बारा वर्षांच्या आणि निवडश्रेणी चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळते व तिच्यासाठी विहित प्रशिक्षण आवश्यक असते. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण ऑनलाइन झाले, तेव्हा नोंदणीसाठी प्रत्येकी दोन हजार रुपये शुल्क होते. ज्या प्रशिक्षणावर पगारवाढ अवलंबून आहे त्याचा खर्च शिक्षकाने का करावा, हा प्रश्न त्या वेळी शिक्षक विचारत होते आणि तो गैरवाजवी नव्हता.

वस्तुतः महाराष्ट्रात शिक्षकांच्या शिकण्यासाठी एक जागा, एक दिवस आणि एक माणूस फार पूर्वीच नेमून दिलेला आहे. १९९४ साली राज्यात केंद्रशाळांची आणि केंद्रप्रमुखांची योजना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि त्या शाळांतील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसायचे, अशी ही रचना. या बैठकीला कोणी केंद्रसंमेलन म्हणते, कोणी शिक्षण परिषद. अंतर थोडे, म्हणून प्रवास परवडणारा; निवासाचा प्रश्न नाही; समोर बसलेला प्रत्येक जण त्याच भागातील मुलांना शिकविणारा. कमी वेळात व कमी पैशात शिक्षकाने कसे शिकावे, याचे याहून सरळ उत्तर एखाद्या नव्या समितीला सुचेल असे वाटत नाही.

याच तत्त्वावर शेजारच्या मध्य प्रदेशात मोठे काम झाले आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद करेपर्यंत तो शेकडो शाळांत पोहोचला होता. उन्हाळी प्रशिक्षणाइतकाच या कार्यक्रमाचा भर शिक्षकांच्या मासिक बैठकांवर होता. महिन्याभरात कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर आले नाही, यावर तेथे बोलणे होई. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या बनविण्याची युक्ती याच कार्यक्रमात शोधली. पुढे त्यांनी पुण्याच्या 'आयुका'मधील विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी घडविली आणि त्यांची पुस्तके व चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य खुल्या केल्या.

महाराष्ट्रात केंद्रसंमेलनाचे काय झाले? अनेक जिल्ह्यांत केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार आला. मग बैठकीचा दिवस परिपत्रके वाचणे, माहितीचे तक्ते गोळा करणे आणि पुढच्या आठवड्यातील सप्ताहांच्या सूचना देणे यात संपू लागला. सूचना मोबाइलवर पोहोचू लागल्यानंतरही त्या बैठकीत मोठ्याने वाचण्याची प्रथा टिकून आहे. एवढी एक प्रथा मोडली तरी दोन तास मोकळे होतात.

त्या दोन तासांत काय घडू शकते? उदाहरणच घ्यायचे तर तिसरीच्या हातच्याच्या वजाबाकीचे घेता येईल. केंद्रातील प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात एकच उदाहरण दिले, ६३ वजा २८, आणि मुलांच्या वह्या बैठकीला आणल्या, असे समजू. बरोबर उत्तर ३५. चुकलेल्या वह्यांत बहुधा ४५ हे उत्तर वारंवार आढळेल. नेहमीच्या तपासणीत त्यावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. पण एका मुलाने ३ मधून ८ जात नाहीत म्हणून उलट ८ मधून ३ वजा केलेले असतात. दुसऱ्याने दशक मोकळा करून १३ मधून ८ व्यवस्थित काढलेले असतात, पण सहाचे पाच करायचे तो विसरलेला असतो. दोघांचेही उत्तर ४५. पहिल्याला दशक-एकक ही कल्पनाच पुन्हा काड्या-गठ्ठ्यांनी द्यावी लागेल; दुसऱ्याला फक्त लिहिण्याची शिस्त हवी आहे. उदाहरण ६२ वजा २८ असे दिले असते तर पहिल्याचे उत्तर ४६ आले असते आणि दुसऱ्याचे ४४, आणि वही पाहताच चूक ओळखू आली असती. कोणते उदाहरण मुलांच्या चुका वेगळ्या करून दाखविते, हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नसते. ते दहा शिक्षकांनी दहा वर्गांच्या वह्या एका सतरंजीवर पसरल्याने हाती येते.

कोणाच्या तरी वहीत ८ हे उत्तरही सापडेल. त्या मुलाने शिक्षकाच्या तोंडून 'त्रेसष्ट' ऐकले, आधी 'त्रे' ऐकू आले म्हणून आधी ३ लिहिले आणि ३६ वजा २८ करून टाकले. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील 'साठ तीन' अशा जोडसंख्यावाचनावरून राज्यात मोठा वाद झाला, विधिमंडळात विनोद झाले, मराठी भाषा धोक्यात आल्याचेही सांगून झाले. त्या बदलामागे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मांडलेले कारण नेमके हेच होते: मराठीत संख्या ऐकू येते एका क्रमाने आणि लिहिली जाते दुसऱ्या क्रमाने. तो बदल योग्य की अयोग्य, याबद्दल दुमत असू शकते. पण तो वाद टीव्हीच्या पडद्याऐवजी आधी केंद्रसंमेलनांत, वह्या समोर ठेवून झाला असता, तर त्याचा दर्जा निराळा असता.

सहकाऱ्याचा वर्ग पाहणे हा दुसरा मार्ग, आणि त्यालाही अनुदान लागत नाही. जपानमध्ये शिक्षकांच्या गटाने मिळून एक पाठ तयार करायचा, एकाने तो शिकवायचा, इतरांनी मागे बसून मुलांकडे पाहायचे आणि नंतर शिकविणाऱ्यावर नव्हे तर पाठावर चर्चा करायची, ही पद्धत शतकाहून अधिक काळ रुजलेली आहे. महाराष्ट्रानेही याची चव चाखली आहे. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला, तेव्हा साताऱ्याजवळील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. तेथील ज्ञानरचनावादी वर्ग, फरशीवर आखलेले तक्ते, गटांत बसलेली मुले पाहून शिक्षक परतत. कित्येकांनी त्यासाठी पदरमोड केली. वर्गाचे दार उघडे असले की शिक्षक आपणहून येतो, हे त्यातून दिसले. दुसरी बाजूही दिसली. जे दिसले त्याची नक्कल सोपी होती आणि त्यामागचा विचार अवघड. फरशी रंगविली, पण शिकविणे तसेच राहिले, असेही अनेक ठिकाणी घडले. एका दिवसाच्या भेटीनंतर गावी परतलेल्या शिक्षकाशी महिन्याने पुन्हा बोलणारे कोणी असते, तर बराच फरक पडला असता.

वाचनाच्या बाबतीत मराठी शिक्षक गरीब नाही. एकोणिसाव्या शतकात शिक्षकांसाठी निघणाऱ्या 'शालापत्रक' मासिकाचे संपादन कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पिता-पुत्रांनी केले आणि विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील निबंध प्रथम त्यातच छापले गेले. म्हणजे शिक्षकाच्या मासिकात कालिदास-भवभूतीवर गंभीर लेखन चालत असे. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे 'जीवन शिक्षण' आपले नाते त्याच परंपरेशी सांगते. १९८७ पासून 'पालकनीती' आणि त्यानंतर 'शैक्षणिक संदर्भ' यांनी शिक्षणावर सकस मजकूर दिला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बालशिक्षणावरील काम, कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या लीलाताई पाटील यांची पुस्तके, गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' ही सारी सामग्री मराठीत उपलब्ध आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि 'किशोर'चे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. केंद्रशाळेतील एका कपाटाला कुलूप न लावता त्यात अशी पंचवीस पुस्तके ठेवायला फार मोठी रक्कम लागत नाही. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नसावी, एवढेच.

लिहिणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे. पाठ टाचण प्रत्येक शिक्षक काढतो, परंतु ते बहुधा तपासणीसाठी असते. त्याच टाचणवहीत पाठ झाल्यानंतर दोन ओळी लिहिल्या, कोठे मुले अडली आणि कोणत्या प्रश्नाने ती पुढे सरकली, तर वर्षाअखेरीस ती वही पुढच्या वर्षीचे पाठ्यपुस्तकच होते. डाएटमार्फत होणारे कृतिसंशोधन म्हणजे तरी याचेच व्यवस्थित रूप. लहान प्रश्न, ठरावीक मुदत, आधीची व नंतरची नोंद. दुर्दैवाने अहवालाचा ठरावीक साचा इतका प्रिय झाला की गृहीतके, व्याप्ती, मर्यादा यांनी पाने भरतात आणि मुलाचे वाक्य एकही सापडत नाही.

हे सर्व अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबद्दल झाले. ज्यांना नियमित वेतनच नाही, त्यांची स्थिती वेगळी आहे. २००० साली सुरू झालेल्या योजनेनुसार नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतो. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिकसाठी महिना सहा हजार रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झाले. शिक्षकाच्या घडणीची हीच वर्षे असतात, आणि याच वर्षांत पुस्तक विकत घेण्याची ऐपत सर्वांत कमी असते. विनाअनुदानित शाळांतील शिक्षक तर शाळा सुटल्यावर शिकवण्या करतो; त्याला केंद्रसंमेलनाचे निमंत्रणही नेहमी जात नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने सेवेत राहून बी.एड. करण्याची वाट काढून दिली, ही त्यातल्या त्यात मोठी सोय. 'स्वयम्' संकेतस्थळावरील अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते.

या विषयाला अलीकडे अनपेक्षित निकड आली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातील प्रकरणांचाही समावेश असलेल्या अपिलांवर निकाल देताना, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. शिक्षण हक्क कायदा येण्यापूर्वी नेमले गेलेलेही यात आले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येईल, परंतु परीक्षेशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. राज्यात ही परीक्षा २०१३ पासून होते आहे आणि तिचे निकाल बहुधा कमीच लागत आले आहेत. पंचविशीतील उमेदवारांसाठी आखलेली ही परीक्षा आता पन्नाशीच्या शिक्षकापुढे, नोकरी पणाला लावून, उभी ठाकली. तिच्या न्याय्यतेविषयी शिक्षक संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. वीस वर्षे उत्तम शिकविणाऱ्याची पारख दीडशे बहुपर्यायी प्रश्नांनी होते, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण परीक्षेची तयारी कशी करायची, हा प्रश्न आक्षेपांच्या निकालापर्यंत थांबत नाही. खासगी शिकवणीवर्गांच्या जाहिराती लागलीच झळकू लागल्या. प्राथमिकच्या प्रश्नपत्रिकेत बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांना प्रत्येकी तीस गुण असतात. खुल्या प्रवर्गासाठी उत्तीर्णतेची मर्यादा साठ टक्के, म्हणजे दीडशेपैकी नव्वद. केंद्रातील वीस-पंचवीस शिक्षकांत गणिताची आवड असलेला एक, इंग्रजी उत्तम असलेली एक, नुकतेच डी.एड. करून आलेले व मानसशास्त्र ताजे असलेले दोघे-तिघे हमखास असतात. महिन्यातील दोन शनिवारी दुपारी केंद्रशाळेचा एक वर्ग उघडून जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र सोडविल्या, तर खर्च चहाचा येतो. पन्नाशीच्या शिक्षिकेला पियाजेची परिभाषा विशीतील शिक्षणसेवक समजावून देईल. आणि सहा वर्षांचे मूल खरोखर कसा विचार करते, हे त्याला तिच्याकडून कळेल. काही केंद्रप्रमुख अशा बैठकांना परिषदेच्या वेळापत्रकात जागा देण्याचा विचार करू शकतात. त्यासाठी नव्या शासननिर्णयाची गरज नाही, परिपत्रकवाचनाचे दोन तास तेवढे सोडून द्यावे लागतील.